तीनदा तपासलेलं पाणी

सुमंगला शेटगावकर यांना एका जागी स्वस्थ बसलेलं चोपड्यात फारसं कुणी पाहिलेलं नाही. एकतीस वर्षं त्या तिथल्या वाड्यांवर आरोग्यसेविका म्हणून फिरताहेत. सरकारी कागदावर त्यांचं पद काहीही असो, लोक त्यांना नर्सबाय म्हणतात. सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजायच्या आधी त्यांचा चहा झालेला असतो, आणि पाव घराघरांत पोचेपर्यंत त्यांनी एखाद्या बाळंतिणीला तपासलेलंही असतं. नवरा गोकुळदास वास्कोच्या फेरीवर बस चालवायचे, आता निवृत्त आहेत. ते म्हणतात, "मी पस्तीस वर्सां बसान काम केलंय, हिना उभ्यान. म्हणान आमचा जमता."

त्यांची मोठी बहीण सुमन केरीला दिलेली. तिला पोटाचा कॅन्सर झाला आणि शेवटी इस्पितळाने घरी पाठवलं. सुमंगलाबाई रोज संध्याकाळी चोपड्याहून केरीला जायच्या. बहीण कळवळायची आणि या उशाशी बसून नुसता हात धरायच्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी औषधं नेली, पण बहिणीला द्यायचं औषध त्यांच्या पेटीत नव्हतं. मग कुणीतरी 'शेजारसेवा' नावाच्या छोट्या संस्थेचं नाव सांगितलं. त्यांची एक गाडी होती, एक डॉक्टर आणि एक परिचारिका. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊन ते वेदना थांबवण्याचं औषध द्यायचे. सुमन त्यानंतर तीन आठवडेच जगली, पण त्या तीन आठवड्यांत ती झोपली, सुनेशी भांडली, आंबोळी मागून खाल्ली. सुमंगलाबाईंना तेवढं पुरलं.

त्या वर्षापासून त्या शेजारसेवेच्या नोव्हेंबरातल्या चालण्याला जाऊ लागल्या. केरीच्या सुरूच्या बनातून निघायचं, पालयेपर्यंत जायचं आणि परत. पहिली दोन वर्षं साठ-सत्तर माणसं होती. पाठीवर हाताने लिहिलेला नंबर, शेवटी स्टीलच्या पिंपातला चहा आणि पाव-पातळभाजी. संस्थेची गाडी वर्षभर चालावी म्हणून लोक वर्गणी गोळा करून आणायचे.

तिसऱ्या वर्षी नीलतीर आली.

नीलतीर होम्स ही बंगले बांधणारी कंपनी. ऑक्टोबरात तिने चोपड्याच्या डोंगराला पत्रे ठोकले होते आणि पत्र्यांमागे यंत्रं घरघरत होती. सुमंगलाबाईंना त्याच्याबद्दल बरंवाईट काहीच वाटत नव्हतं. डोंगरावर कोण काय बांधतो ते बघत बसायला त्यांना वेळ कुठे होता?

त्या रविवारी केरीला पोचल्यावर त्या गांगरल्याच. सुरूच्या झाडांमध्ये निळी कमान उभी होती, गाणी वाजत होती, सातशे माणसं आली होती. प्रत्येकाला निळा टी-शर्ट. छातीवर कंपनीचं नाव मोठं आणि संस्थेचं त्याखाली बारीक. चोपड्याच्याच अकरा बायका होत्या. कंपनीची एक मुलगी धावत आली. शीतल नाव तिचं, म्हापशाची, अशा कार्यक्रमांचं काम तिच्याकडे होतं.

"सुमंगलाताई ना? डॉक्टरांनी मला सुमनताईंबद्दल सांगितलं. आज तुम्ही सगळ्यांत पुढे चालायचं."

बहिणीचं नाव एका परक्या मुलीच्या तोंडी ऐकून त्यांना भरून आलं. त्या पुढे चालल्या. परत आल्यावर मंचासमोर एक कोरी गाडी उभी होती, संस्थेची दुसरी गाडी, कंपनीने दिलेली. आता आठवड्यातून दोनदा ती चोपड्यातही येणार होती. सुमंगलाबाईंनी गाडीच्या दारावर तळहात ठेवला आणि त्या रडल्या. कुणीतरी फोटो काढला.

घरी येताना गोकुळदास स्कूटर चालवत होते. डोंगराखालून जाताना ते पत्रे दिसले. रोजचेच पत्रे. पण आज एखाद्या सोयऱ्याचं घर वाटेत दिसावं तसं सुमंगलाबाईंना वाटलं. "माणसां बरी असत," त्या मागून म्हणाल्या.

"कोणती माणसां?"

"नीलतीरची."

गोकुळदासांनी स्कूटर घराकडे वळवली.

गाडी खरंच येऊ लागली. डोंगराच्या पायथ्याशी खालच्या वाड्यावर जानकी राहते, सुमंगलाबाईंची लहानपणची मैत्रीण. तिचा नवरा दिनकर पक्षाघाताने दोन वर्षं खाटेवर होता आणि पाठीला मोठ्या जखमा झाल्या होत्या. गाडीतली परिचारिका मंगळवारी आणि शुक्रवारी येऊन त्या साफ करायची. महिन्याभरात जखमा भरायला लागल्या. जानकी येईल-जाईल त्याला दाखवायची. "बघ गो सुमंगला, नवी कातडी इली." तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला होता. सुमंगलाबाई कुणाच्याही घरी गेल्या की त्या गाडीची गोष्ट निघायची, आणि गाडीची गोष्ट काढली की कंपनीचं नाव आपोआप यायचं.

डिसेंबरच्या सुरुवातीला दोन दिवस अवेळी पाऊस झाला आणि खालच्या वाड्याची झर लाल झाली. वाड्यातली वीसेक घरं त्या झरीचं पाणी पितात. डोंगरातून येतं, टाकीत साठतं आणि नळाने घरात जातं. पाऊस थांबून आठवडा झाला तरी पाणी निवळेना. शाळेत शिक्षक असलेला गौरेश हरकतीचा कागद घेऊन सुमंगलाबाईंकडे आला. पावसाळ्यानंतर करतात ते त्याचं वायंगणाचं भातही त्याच झरीच्या ओहोळावर होतं.

"नर्सबाय, कागदार तुमची सही व्हयी. तुमी केल्यात काय बाकीचे करतले."

सुमंगलाबाईंनी कागद वाचला. डोंगर कापणं थांबवा, चौकशी करा, असं साधंच लिहिलेलं होतं. त्यांनी कागद परत दिला.

"सगळाच कंपनीन केल्यान असा कशावरून? पावस अवेळी पडलो ना?"

गौरेशने कागदाची घडी घातली. "तुमी असा बोलतल्यात, असा माका वाटूक नव्हता."

"म्हणजे कसा?"

"काय नाय. पण एक गोष्ट सांगतंय, रागावू नकात. त्या दिवशी केरीक चलूक गेलेल्यो अकरा बायलो. मी सगळ्यांकडे जावन इलंय. एकीनय सही करूक नाय."

तो गेल्यावर त्या भडकल्या. हा कोण आम्हाला शिकवणारा? टी-शर्टासाठी गेलो होतो का आम्ही? दुपारी त्यांनी चार घरांच्या भेटी उरकल्या, तिसऱ्या घरी काय सांगितलं ते चौथ्या घरी पोचेपर्यंत त्यांना आठवेना. संध्याकाळी दोनदा उठून त्या दारात जाऊन आल्या. गोकुळदासांनी विचारलं, "कोण येवचा असा?" तर म्हणाल्या, "कोण नाय."

त्याच आठवड्यात खालच्या वाड्यातली पाच मुलं जुलाबाने आजारी पडली. आता हा त्यांच्या कामाचाच भाग होता. उपकेंद्रात पाणी तपासायच्या छोट्या बाटल्या असतात. खुणेपर्यंत पाणी भरायचं, बूच लावायचं आणि एक-दोन दिवस ठेवून द्यायचं. पाण्याचा रंग काळा झाला की ते पिण्यासारखं नाही. सुमंगलाबाईंनी झरीच्या टाकीतलं पाणी भरून बाटली कपाटावर ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती शाईसारखी काळी झाली होती.

एरवी त्या लगेच फोन उचलायच्या. आरोग्य केंद्रात कळवायचं, टाकीत औषध टाकायचं, घरोघरी पाणी उकळायला सांगायचं. हे त्या डोळे मिटून करत आल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी बाटली उलटी करून मुदत पाहिली. मुदत संपायला महिना होता. तरी त्यांना वाटलं, जुना साठा आहे, बिघडला असेल. उगाच कुणावर आळ कशाला? त्या केंद्रात जाऊन नव्या बाटल्या घेऊन आल्या. दुसरी बाटली भरली. तीही काळी झाली. तेव्हा त्यांना वाटलं, भरताना बुचाला आपलं बोट लागलं असणार. हात धुऊन, बोटं बाजूला धरून तिसरी भरली.

यात सहा दिवस गेले. या सहा दिवसांत टाकीवरून बाटली भरून आणण्यापलीकडे त्या खालच्या वाड्यावर थांबल्या नाहीत, कुणाच्या घरी गेल्या नाहीत. रोज काही ना काही दुसरं काम निघत होतं. कपाटासमोरून जाताना मात्र त्या दर वेळी थांबायच्या.

सहाव्या दिवशी सकाळी जानकीचा फोन आला. तिची चार वर्षांची नात क्षमा रात्रीपासून वांती-जुलाबाने गळून गेली होती, तिला म्हापशाच्या इस्पितळात नेलं होतं. सुमंगलाबाई गोकुळदासांना घेऊन तशाच निघाल्या. पोरीच्या हाताला सलाइन लावलेली होती, ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, दोन दिवसांत उभी राहील, पण यापुढे पाणी उकळूनच द्या.

जानकी खाटेच्या कडेला बसली होती. तिने सुमंगलाबाईंचा हात धरला.

"सुमंगला, पाणी उकळून पियाक व्हया होता तर माका आधी सांगूक नाय तू? तू सांगतस तसा मी करतंय ना सगळा?"

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिला काही माहीतच नव्हतं. सुमंगलाबाईंना "चुकला गो" एवढंच म्हणता आलं. त्या बाहेर व्हरांड्यात आल्या आणि तिथूनच आरोग्य केंद्रात फोन लावला. तारखा त्यांनी बरोबर सांगितल्या. पहिली बाटली कधी काळी झाली, दुसरी कधी, आणि तिसरी बघायलाही आज आपण गेलो नाही, हेसुद्धा.

परतताना चोपड्याच्या तिठ्यावर गोकुळदासांनी स्कूटर थांबवली. समोर नवा फलक लागला होता. घराच्या भिंतीएवढी सुमंगलाबाईंची छबी, गाडीच्या दारावर हात ठेवलेली, डोळ्यांत पाणी. खाली लिहिलं होतं, 'नीलतीर. चोपड्याच्या सोबत.' एक ओळखीची बाई बसची वाट बघत उभी होती. ती हसून म्हणाली, "नर्सबाय, मोठी जाल्यात तुमी!"

"तुका विचारल्यानी?" गोकुळदासांनी हळू विचारलं.

"नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डोंगरावर चढल्या. इतकी वर्षं वाड्यावाड्यांवर फिरल्या, पण पत्र्यांच्या आत त्या पहिल्यांदाच जात होत्या. अर्धा उतार कापून लाल भिंतीसारखा उघडा पडला होता. बाजूला कामगारांच्या झोपड्या होत्या. गडहिंग्लजकडची अनुसया नावाची एक बाई चुलीवर भाकऱ्या भाजत होती. सुमंगलाबाईंनी मुलांच्या लसींची चौकशी केली, मग संडास कुठे आहे ते विचारलं.

"कुठला संडास, बाई?" अनुसया म्हणाली. "दोन महिनं झालं, आज येतंय उद्या येतंय म्हणत्यात. आम्हास्नी काय हौस हाय व्हय उघड्यावर जायची? पोरी हायत्या माझ्या."

उतार जिथे संपत होता तिथून झर फार तर शंभर पावलांवर होती. तिथूनच सुमंगलाबाईंनी शीतलला फोन केला आणि ती येईपर्यंत त्या हलल्या नाहीत. तासाभरात शीतल आली. पांढरे बूट लाल मातीत बुडवत ती चढून आली, झोपड्या पाहिल्या, खालची टाकी पाहिली.

"ताई, शपथ घेऊन सांगते, मी इथे कधी आलेच नव्हते. माझ्याकडे फक्त कार्यक्रम असतात."

"मीसुद्धा आले नव्हते," सुमंगलाबाई म्हणाल्या. "खाली उभी राहून लोकांना सांगत होते, तुम्ही चांगली माणसं आहात म्हणून."

"आम्ही वाईट नाही हो."

"तू वाईट नाहीस. सुमनचं नाव तू घेतलंस ते खोटं नव्हतं, कळतं मला. पण माझ्या पाण्याच्या बाटलीला तुझं नाव माहीत नसतं ना, शीतल. ती काळी झाली तेव्हा मला तुझा चेहरा दिसला, आणि मी दुसरी बाटली आणायला गेले."

शीतलने मग फलकावरच्या फोटोबद्दल सांगितलं. चालण्याच्या अर्जावर शेवटी एक ओळ होती, छायाचित्र वापरण्याची संमती. सगळ्यांनीच सही केली होती.

"आणि गाडी?" सुमंगलाबाईंनी विचारलं. "मी तोंड उघडलं तर गाडी बंद होईल?"

"मार्चपर्यंत नक्की नाही. पुढचं मला खरंच माहीत नाही."

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी ग्रामसभा झाली. गौरेशचा ठराव होता. सुमंगलाबाई मागच्या रांगेत बसल्या होत्या, पण नाव पुकारायच्या आधीच उठून पुढे आल्या. आधीच्या आठवड्यात वरिष्ठांनी फलकावरून खुलासा मागितला होता, सरकारी नोकरीत असून खाजगी कंपनीची जाहिरात कशी? तो कागद अजून त्यांच्या पिशवीत होता.

"मी केरीक चललंय," त्या म्हणाल्या. "माझी भैण शांतपणी गेली ती त्या संस्थेमुळे. म्हणान चललंय आणि परत चलतलंय. दुसरी गाडी कंपनीन दिल्यान, ती बरी गोष्ट. पण झरीचा पाणी वायट जाला असा माका कळला, त्याच्या उपरांत मी पाच दिवस गप रवलंय. एकतीस वर्सांत असा कधी केलेला नाय. कंपनीन माका गप रव म्हणान सांगूक नाय. माकाच बोलाक नको जाला. तुमका सांगाक लाज दिसता, पण सांगतंय."

कुणीतरी मागून ओरडलं, "मगे फलकार कित्याक रवल्यात उब्यो?"

"माका विचारूक नाय कोणी. आणि खरा सांगू? पयल्या दिवशी बघलंय तेव्हा थोडा बरा पण वाटला."

दोघंतिघं हसले. मग जानकी उठली. तिचा आवाज चढलेला होता. "तुमी सगळी ठराव करतल्यात आणि घराक जातल्यात. गाडी बंद जाली काय माझ्या घोवाची पाठ कोण बघतलो? गौरेश बघतलो?" तिने सुमंगलाबाईंकडे पाहिलंसुद्धा नाही. तिची नात बरी होऊन घरी आली होती, आणि त्या पाच दिवसांची गोष्ट तिला आत्ताच, सगळ्यांबरोबर कळली होती.

ठराव मंजूर झाला. पुढे जे झालं ते असं: झरीची टाकी साफ झाली, महिनाभर टँकर आला. कामगारांसाठी संडास पंधरा दिवसांत उभे राहिले. डोंगराचा वरचा भाग कापणं तपासणी होईपर्यंत थांबवलं, खालचा भाग मात्र चालूच राहिला. फलक एका सकाळी दिसेनासा झाला. शीतल मार्चमध्ये नोकरी सोडून गेली, स्वतःहून की काढलं ते कुणाला कळलं नाही. आणि एप्रिलपासून चोपड्याची गाडी आठवड्यातून दोनदाऐवजी एकदाच येऊ लागली, फक्त मंगळवारी. संस्थेच्या पत्रात कारण लिहिलेलं नव्हतं.

पहिल्याच शुक्रवारी सुमंगलाबाई जानकीच्या दारात उभ्या राहिल्या. हातात ड्रेसिंगचं सामान होतं. जानकीने दार उघडलं, स्टूल आणून खाटेशी ठेवलं आणि आत निघून गेली. दिनकर डोळ्यांनीच हसला. सुमंगलाबाईंनी पाठ साफ केली, पट्टी बदलली आणि त्या गेल्या. पुढच्या शुक्रवारी पुन्हा. असे सहा-सात शुक्रवार गेले. एकदा पट्टी बांधून झाल्यावर जानकी चहा घेऊन बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"तुका एक विचारू? पयली बाटली काळी जाली तेव्हा माझी आठवण जाली तुका?"

"जाली," सुमंगलाबाई म्हणाल्या. "गाडी बंद जाली तर तुझा काय जातला, हीच आठवण जाली."

जानकीने कप त्यांच्या हातात दिला. "म्हणजे माझ्याखातीर गप रवलंस?"

"थोडा तुझ्याखातीर. सगळा नाय."

चहा संपेपर्यंत जानकी तिथेच उभी होती.

नोव्हेंबर आला. या वर्षीच्या चालण्याची जबाबदारी दुसऱ्याच एका कंपनीने घेतली होती. सुमंगलाबाई जाणार की नाही यावर गोकुळदासांनी पैज लावली नाही, कारण त्या स्वतःच रोज वेगळं सांगत होत्या. शनिवारी म्हणाल्या, नाही जात. रविवारी पहाटे गोकुळदास उठले तर त्या साडी नेसून तयार होत्या.

केरीला या खेपेला कमान पिवळी होती. संत्र्याच्या रसाच्या बाटल्या वाटत होते. एका हसऱ्या मुलीने पुढे येऊन त्यांच्या हातात टोपी ठेवली, "काकी, ऊन लागेल तुम्हाला," आणि सुमंगलाबाईंना मनात पुन्हा तशीच ऊब आल्यासारखं वाटलं. वर्षभर एवढं सगळं होऊनही वाटलं. त्यांनी टोपी घातली, कारण ऊन खरंच लागत होतं.

"तुमची कंपनी काय करते गो?" त्यांनी विचारलं.

"आमची? डिचोलीला कारखाना आहे, काकी. प्लास्टिकचे पाइप."

"डिचोलीत खंय?"

मुलीने सांगितलं, पण तेवढ्यात शिट्टी झाली आणि माणसं निघाली. सुमंगलाबाई चालल्या. या वेळी त्या मधल्या घोळक्यात होत्या, खालच्या वाड्याच्या दोघीजणी बरोबर. पालयेला वळसा घालून त्या परत आल्या, पाणी प्यायल्या आणि कार्यक्रम संपायच्या आधीच निघाल्या.

"कसा जाला?" स्कूटर सुरू करत गोकुळदासांनी विचारलं.

"बरा जाला. माणसां बरीच इली होती." त्या मागे बसल्या, थोडं अंतर गेल्यावर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बुधवारी माका रजा असा. डिचोलीक जावन येवया?"

"डिचोलीक कित्याक? कोण असा थंय?"

"कोण नाय," सुमंगलाबाई म्हणाल्या. "कारखानो खंय असा तो बघया. मागच्या बाजून."